नारळावर हात न ठेवता

"तिथंच उभा ऱ्हा. चटईवर बसू नको," सासूबाई म्हणाल्या आणि हरेशचा वाकलेला गुडघा तसाच अधांतरी राहिला.

हरेशला असं कोणी बोलत नाही. बोरीच्या पाड्यावर पक्कं घर त्याचं, डंपर त्याचे, धसईच्या बाजारात चार माणसं त्याला हाक मारणारी. पण आमच्या सासूबाईंना, जनाबाईंना, दारूचा वास कुंपणापासूनच येतो. आणि वास आला की समोर कलेक्टर का असेना, त्या चटई देणार नाहीत. पाणी मात्र दिलं. म्हणजे मला सांगितलं आणि मी आणून दिलं.

"काकी, मी भांडायला नाय आलो," हरेश म्हणाला. "तुमच्याच कामाचं बोलायला आलो. वढ्याच्या पल्याड तो माळ हाय ना, तो तुमच्या लोकांना देतो. मानूस गेला तर पुरायला. पंचायतीत गेलो का पयला ठराव त्याचाच."

आत बाबा खोकले. बाबा म्हणजे माझे सासरे, धाकलू. त्यांचा खोकला सुरू झाला की थांबायचं नाव घ्यायचा नाही, आणि तो थांबेपर्यंत सासूबाई हातातलं काम तसंच धरून उभ्या राहायच्या. तेव्हाही राहिल्या. मेल्या हरेशने नेमकी तीच वेळ साधली.

"काका हायत तोवर इचार करा. गोजरकाकाचं काय झालं ते तुमी बघितलंय."

बघितलं होतं, सगळ्यांनीच. हे दोन हजार पाच साली घडलेलं सांगते आहे. पाड्यावर ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यातलं एक आमचं आणि एक गोजरकाकांचं. आदल्या वर्षी गोजरकाका गेले तेव्हा गावकीने सांगितलं, ही जमीन देवीची आहे, इथं मढं पुरायचं नाही. जाळायचं असेल तर सगळे खांदा देऊ, पुरायचं असेल तर घेऊन जा. शेवटी आमच्या पास्टरांनी टेम्पो केला आणि काकांना पार कल्याणला नेलं. त्यांची बायको रंगूमावशी नंतर एकदा कबर बघायला गेली, तर तिला जागाच सापडली नाही. दिवसभर फिरून पिशवीतली फुलं तशीच घेऊन परत आली. त्या दिवसापासून सासूबाई रात्रीही बाबांचा खोकला ऐकत जाग्या राहायच्या.

हरेश गेल्यावर त्यांनी चटई उगाचच झटकली. त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. सांगणार कोणाला?

मी कमळ, त्यांची धाकटी सून. मी माहेरची देवीची माणूस. लग्न ठरलं तेव्हा यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आमच्यात नवस नाय, अंगारा नाय, दारू नाय, एवढं सांभाळ." मी सांभाळते. टिकली मात्र लावते. सासूबाई तिच्याकडे रोज बघतात आणि रोज गप्प बसतात. बाई कडक आहेत. गणपतीच्या घरचा मोदक खाणार नाहीत, लग्नातल्या बँडपुढे थांबणार नाहीत, रेडिओवर गाणं लागलं तर बंद करणार. हरेशच्या घरच्या पूजेचा शिरा मी एकदा पदराआड आणला होता, तर त्यांनी तो कोंबड्यांना घातला. कोंबड्यांना चालतो, मला नाही! पण आजारी माणसाच्या दाराशी पहिल्या त्याच पोचतात, हेही खरं.

या सगळ्याच्या मुळाशी दारू होती. माझे थोरले दीर दारूने गेले. मी त्यांना पाहिलेलंही नाही. जंगलातल्या भट्टीची दारू बाप-लेक दोघंही पीत. लेक गेला, त्याला ओढ्याकाठी जाळला, आणि तेराव्यालाही बाप पिऊन पडला. त्यानंतर पास्टर घरी यायला लागले, बाबांशेजारी बसून प्रार्थना करायला लागले, आणि बाबांची सुटली. कशी सुटली ते देव जाणे. सासूबाई म्हणतात तसंच, देव जाणे. तेव्हापासून त्या देवाच्या बाहेर त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. आणि त्या भट्ट्यांना काळा गूळ आणि नवसागर पुरवणारा माणूस म्हणजे चटईवर बसू पाहणारा हा हरेश.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ग्रामपंचायतीत आमच्या पाड्याची एक जागा. त्या जागेसाठी पाड्याने कधी मतपेटी पाहिली नाही. अर्ज भरायच्या आधी गावदेवीसमोर गावकी बसते. प्रत्येक घरातलं एक माणूस पुढे येतं, देवीपुढच्या नारळावर हात ठेवतं आणि नाव घेतं. ज्याची नावं जास्त, त्याने एकट्यानेच अर्ज भरायचा, बाकीच्यांनी घरी बसायचं. खरी निवडणूक तीच. मागच्या वेळी ख्रिस्ती घरांना बोलावलंच नव्हतं. या वेळी हरेशविरुद्ध जया उभी राहिली, पाडा मधोमध फुटला, आणि एकाएकी सगळ्यांना आमच्या घरांची आठवण झाली.

रविवारी प्रार्थना आमच्याच पडवीत असते. पास्टर मोटारसायकलवरून येतात. त्या रविवारी प्रार्थना संपली तरी कोणी उठेना. पास्टर म्हणाले, "कोणाचं नाव घ्या हे मी सांगणार नाही. पण जागेचा विचार करा. देव वाकड्या माणसाकडूनही सरळ काम करून घेतो."

"घेतोच मुळी," रंगूमावशी म्हणाली. "हरेश पितो, तर पिऊ दे. मला काय त्याला जावई करायचाय? माळ मिळाला का आपली मानसं आपल्या डोळ्यांसमोर ऱ्हातील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी नाही डोलावली.

"रंगू," त्या म्हणाल्या, "दारू सुटली म्हनून मी या देवाला मानला. आता दारूवाल्याला खुर्चीत बसवून त्याच देवासाठी जागा मागू?"

"तू नको मागू! आमी मागतो. तू नुसतं नाव घे," रंगूमावशी तडकली. "तुझा नवरा आत झोपलाय म्हनून तुझं चाललंय. उद्या टेम्पो दारात लागंल तवा बघते तुला."

पास्टर मध्ये पडले, चहा आणायला सांगितला. कपबशा गोळा करताना मी पाहिलं, सासूबाईंचा चहा साय धरून तसाच पडलेला होता.

दोन दिवसांनी हापशावर जया भेटली. जया म्हणजे बचत गटाची पुढारीण. बायकांना घेऊन भट्ट्या फोडायला निघालेली, नवऱ्याचा मार खाऊनही न हटलेली. बोलायला फटकळ. सासूबाईंनी हंडा खाली ठेवला आणि सरळच विचारलं.

"जया, तू गेलीस तर माळ देशील आमाला?"

मी हापसायची थांबले. जयाने थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने चिखल उकरला.

"नाय काकी," ती म्हणाली. "माझा सासराच गावकीत बसतो. तो आडवा पडंल आन् त्याच्या मागं सगळे. आज हो म्हनायचं आन् उद्या तोंड लपवायचं, ते मला नाय जमनार."

"बोलून तरी बघशील?"

"बोलून बघीन. पन व्हनार नाय. आन् खरं सांगू? तुमी देवीला हात जोडत नाय ते मलाबी नाय पटत. भट्ट्या मात्र एक ठेवनार नाय. तेवढंच माझ्या हातात हाय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि हंडा डोक्यावर घेतला. वाटेत त्या एकदम म्हणाल्या, "कमळे, ही बाय खोटं बोलली असती तर किती बरं झालं असतं गो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग मला कळलं की त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या.

घरी वेगळीच धुसफूस. आमचे हे आसनगावच्या बाजूला एका कंपनीत जातात. आले की जेवताना खालमानेने आईला एवढंच म्हणायचे, "आये, बाबांचं बघ." पाड्यात घराचं नाव अजून बाबांचं, त्यामुळे बोलायचा मान बाबांचा, आणि बाबा उठू शकत नव्हते म्हणून त्यांच्या बायकोचा. लेकाला मध्ये तोंड घालता येत नव्हतं. ते फक्त "बघ" म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

शेवटी सासूबाईंनी बाबांनाच विचारलं. मी त्यांची पाठ शेकत होते, म्हणून ऐकलं.

"जागेसाठी हरेशचं नाव घेऊ का? तुमी सांगा."

बाबा बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "नावाचं मला नाय कळत," ते म्हणाले. "मला टेम्पोत घालू नको. कल्यानला मी कोनाला वळखतो? इथंच कुठं तरी ठेव. थोरला हाय तिथं जवळपास."

"थोरल्याला जाळलाय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

बाबांनी डोळे मिटून घेतले. सासूबाई उठून मागच्या दारी गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या भिंतीला टेकून उभ्या. मला म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी सगळी मेलेली मानसं उठतील म्हनतात पास्टर. पुरलेले उठतील. माझा थोरला कुठून उठंल गो? त्याची तर राखबी वढ्यातून गेली." त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

गावकीच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या हातातून भांडी पडत होती. निघताना त्यांनी नवी साडी नेसली, ती सोडली, पुन्हा जुनीच नेसली. वाटेत मी विचारलं, "आई, कोनाचं नाव घेनार?" तर म्हणाल्या, "चल गपचूप." मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

देवीपुढे मंगळूआजा बसलेला. गावकीचा मुख्य तोच. समोर नारळ, नारळाच्या दोन बाजूंना दोन पानं, एक हरेशचं, एक जयाचं. कोणी नाव घेतलं की आजा त्या पानावर चिंचोका ठेवायचा. रंगूमावशीची पाळी आली तेव्हा ती पदर सावरत उठली. आम्हा सगळ्यांना वाटलं, ही आता काय करते? शपथ घ्यायची नाही, मूर्तीपुढे हात पुढे करायचा नाही, हे पास्टरांनी किती वेळा सांगितलेलं. रंगूमावशीने इकडेतिकडे पाहिलं नाही. नारळावर चांगला पंजा पसरून ठेवला आणि "हरेश" म्हणाली. परत येताना ती सासूबाईंकडे न बघता बसली. मला तिची इतकी दया आली!

आमचं घर पाड्याच्या टोकाला, म्हणून पाळी सगळ्यात शेवटी. तोवर सगळे दोन्ही पानांवरचे चिंचोके पुन्हा पुन्हा मोजत होते. ढीग सारखेच होते.

सासूबाई पुढे गेल्या. नारळापासून हातभर अंतरावर थांबल्या.

"मी नाव घेते. नारळाला हात लावनार नाय."

मागून गलका उठला. कोणी म्हणालं, "मंग मत कसलं?" कोणी म्हणालं, "देवीपुढं येऊन देवीचा अपमान!" जयाचा सासरा तर उठून उभाच राहिला, म्हणाला हे घर धरायचं नाही. तेवढ्यात हरेशने हात वर केला. त्याचा चेहरा खुलला होता.

"आरं ऱ्हाऊ द्या ना," तो मोठेपणाने म्हणाला. "काकींचा धर्म काकींपाशी. त्यांचं तोंडी चालंल. माझी काय हरकत नाय."

मंगळूआजाने जयाकडे पाहिलं. जया म्हणाली, "माझीबी नाय." तिचा चेहरा मात्र उतरलेला. हापशावरचं स्वतःचं बोलणं तिला आठवत असणार.

"जनाबाय खोटं बोललेली कोनी आयकलीय का?" आजाने सगळ्यांना विचारलं. कोणी बोललं नाही. "मंग बोल बाय. तुझा शब्द धरला."

मी आतल्या आत म्हणत होते, एक शब्द, आई. हरेश म्हणा आणि मोकळ्या व्हा. घरी तो म्हातारा वाट बघतोय. मी देवीला मनातल्या मनात हात जोडले आणि सासूबाईंच्या देवालाही जोडले, दोघांपैकी कोणाला तरी ऐकू जाऊ दे.

"जया," सासूबाई म्हणाल्या.

हरेश हसतच राहिला. हसू तसंच आणि डोळे वेगळे. त्याच्या माणसांनी आरडाओरडा केला, पण तोंडी चालेल हे त्याने स्वतःच बोलून ठेवलेलं, तेही देवीसमोर. आजाने शेवटचा चिंचोका जयाच्या पानावर ठेवला.

बाहेर रंगूमावशीने वाट अडवली. "माझा मानूस तिकडं कल्यानला एकटा पडलाय, जने," ती म्हणाली. "मी नारळाला हात लावला, पाप घेतलं, ते कशासाठी? तुझं सोवळं सांभाळायला?" सासूबाईंनी तिचा दंड धरला, तर तिने झटकून टाकला.

घरी बाबा जागेच होते. "कोनाला?" त्यांनी विचारलं.

"जयाला."

"मंग जागा?"

"नाय."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. जरा वेळाने पाणी मागितलं. सासूबाईंनी पेला नेला तर म्हणाले, "कमळला द्याया सांग." मला तेव्हा सासूबाईंचा फार राग आला होता, खोटं का बोलू. तत्त्व तुमचं, आणि फरफट या म्हाताऱ्याची? मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आमचे हे तर तेवढंही बोलले नाहीत.

पंचायतीत गेल्यावर जयाने मात्र शब्द पाळला. पोलिसांना पुढे घालून तिने जंगलातल्या भट्ट्या फोडल्या. गावकीत माळाचा विषयही काढला, आणि सख्ख्या सासऱ्याच्या शिव्या खाऊन खाली बसली. रविवारी आमच्या पडवीत माणसं कमी यायला लागली. रंगूमावशी आलीच नाही. सासूबाई बाबांजवळ बसून राहायच्या. गावकीनंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी बाबांनी त्यांच्या हातून पाणी घेतलं. मी आतून पाहिलं आणि मला हायसं वाटलं. बोलले मात्र दोघंही नाहीत.

भात कापणीला आलं आणि एका सकाळी बाबा गेले. खोकला नाही, काही नाही. सासूबाई पेज घेऊन गेल्या आणि वाटी हातात घेऊन तशाच बाहेर आल्या.

आमचे हे पाण्याच्या टाकीवर चढले, कारण मोबाईलला रेंज तिथंच. पास्टरांना फोन केला. ते म्हणाले, टेम्पो घेऊनच येतो. इकडे अंगणात पाडा जमला. मंगळूआजा पुढे झाला. "जनाबाय, आपला मानूस हाय. जाळायचं असंल तर लाकडं आमी आनतो, सगळे येतो. पुरायचं असंल तर…"

जया एका कडेला उभी होती. "काकी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी सांगितलं व्हतं तुमाला."

"सांगितलं व्हतंस बाय," सासूबाई म्हणाल्या. "मी जागेसाठी नव्हतं तुझं नाव घेतलं. तू रडू नको."

त्या आत गेल्या. बाबांच्या उशाशी बसल्या आणि किती तरी वेळ बसून राहिल्या. बाहेर टेम्पोचा आवाज आला, पास्टर आत आले, त्यांनी प्रार्थना केली, सगळं झालं. मग चार जण बाबांना उचलायला वाकले तशा सासूबाई म्हणाल्या, "वढ्यावर न्या."

पास्टरांना वाटलं, त्या भांबावल्या आहेत. "जनाबाई, टेम्पो उभा आहे. तिकडं जागा झालीय."

"रिकामा जाऊ दे."

"तुम्ही एका नारळाला हात लावला नाहीत," पास्टर कळवळून म्हणाले. "आणि आता यांना जाळायला देता? मला तिथं येता येणार नाही. पुढं काय, शेवटच्या दिवशी काय, याचा विचार केलात?"

"लय केला." सासूबाईंनी बाबांच्या अंगावरची चादर पायापर्यंत ओढली. "देवाला माझा थोरला त्या वढ्यात शोधावाच लागनार हाय. त्याच्या बाजूला हाबी सापडंल."

माणसं बाबांना घेऊन निघाली. आमच्यात बायका ओढ्यावर जात नाहीत, वळणापर्यंत पोचवून मागे फिरतात. सगळ्या फिरल्या. सासूबाई पुढे चालत राहिल्या. मंगळूआजाने एकदा वळून पाहिलं आणि वाट दिली. सासूबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नव्हता, म्हणून मी तांब्या घेऊन त्यांच्या मागून गेले.